सॉफ्टवेअरच्या स्क्रीनची सुटसुटीत चित्रे: माहितीपुस्तिकेसाठी आणि जाहिरातीसाठी ती कशी काढावीत

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिताना स्क्रीनशॉट घेणे हे सर्वांत सोपे काम वाटते, कारण एक कळ दाबली की चित्र तयार होते. अडचणी त्यानंतर सुरू होतात. १४४० पिक्सेल रुंदीची स्क्रीन मदत-पानावरच्या ७२० पिक्सेलच्या रकान्यात बसवली की मूळचे १४ पिक्सेलचे अक्षर ७ पिक्सेलचे होते आणि डोळ्यांना ताण दिल्याशिवाय वाचता येत नाही. ज्या एका बटणासाठी चित्र टाकले, ते बटण इतर पन्नास गोष्टींच्या गर्दीत हरवते. मग त्यावर लाल बाण काढला जातो, बाण पुरेसा वाटत नाही म्हणून लाल चौकट येते, आणि अशा चार चौकटी झाल्या की वाचकाने नेमके कुठे पाहायचे हे चित्र काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुढच्या आवृत्तीत बाजूच्या पट्टीतले एखादे नाव बदलते आणि आपले बटण जागचे हललेले नसतानाही संपूर्ण चित्र जुने दिसू लागते.

यावरचा एक चांगला उपाय म्हणजे स्क्रीनचे सुटसुटीत चित्र. इंग्रजीत त्याला ‘सिम्प्लिफाइड यूजर इंटरफेस’ म्हणतात. या चित्रात खऱ्या स्क्रीनची मांडणी तशीच ठेवली जाते, पण कामाचा नसलेला मजकूर काढून त्या जागी राखाडी पट्ट्या, वर्तुळे आणि साध्या चौकटी ठेवल्या जातात, आणि वाचकाला ज्या गोष्टीशी काम आहे तेवढीच अक्षरांसह पूर्ण दाखवली जाते. मुद्रणाच्या क्षेत्रात ही कल्पना नवी नाही; पानाची नुसती मांडणी दाखवायची असली की मजकुराच्या ओळींऐवजी राखाडी रेघा काढण्याची पद्धत संगणकावरील पानजुळणीत पूर्वीपासून आहे. फरक इतकाच की तिथे सगळाच मजकूर झाकायचा असतो, तर इथे काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे याचाच विचार करायचा असतो.

आधी वाक्य, मग चित्र

चित्र काढायला बसण्यापूर्वी ते ज्या वाक्यासाठी आहे ते वाक्य पूर्ण लिहून घ्यावे. ‘सदस्यांचे पान असे दिसते’ हे वाक्य यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यातून काय ठेवावे आणि काय काढावे याचा काहीच बोध होत नाही. ‘सदस्याच्या ओळीच्या शेवटी असलेल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि उघडलेल्या मेनूतून भूमिका बदला हा पर्याय निवडा’ हे वाक्य मात्र चित्राचा आराखडाच हातात देते: ओळ हवी, ओळीचा शेवट हवा, तीन टिंबे हवीत, मेनू हवा आणि त्यातला एक पर्याय वाचता येईल असा हवा. वाक्यात न आलेली प्रत्येक गोष्ट ही वगळण्यासाठीची उमेदवार असते. ती वगळली जाईलच असे नाही, पण ती ठेवायची असेल तर तिच्यासाठी कारण द्यावे लागेल.

एका वाक्यात दोनपेक्षा जास्त कृती येत असतील तर चित्रे दोन करावीत. एकाच चित्रात १, २, ३, ४ असे आकडे टाकून सगळा प्रवास दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. खऱ्या स्क्रीनवर दुसरी कृती केल्याशिवाय तिसरी जागा दिसतच नसेल, तर असे चित्र कधीही अस्तित्वात नसलेली स्क्रीन दाखवत असते.

काय ठेवायचे

स्क्रीनवरच्या गोष्टी मी तीन थरांत विभागतो. पहिल्या थरात वाक्यात आलेल्या गोष्टी येतात. त्यांचे आकार, अक्षरे आणि रंग खऱ्या स्क्रीनप्रमाणेच असावेत. तिसऱ्या थरात नुसती पार्श्वभूमी येते, आणि तिच्या राखाडी पट्ट्या करून मोकळे व्हावे. अवघड असतो तो दुसरा थर. वाक्यात न आलेल्या, पण वाचकाला ‘मी बरोबर जागी आहे’ हे ज्यांच्यामुळे कळते अशा खुणा त्यात येतात: पानाचे शीर्षक, बाजूच्या पट्टीतला निवडलेला विभाग, वरच्या कोपऱ्यातली घंटा किंवा शोधाची चौकट.

या दुसऱ्या थराचे महत्त्व समजण्यासाठी लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवावा. हॅरी बेक या तंत्र-आरेखकाने तो १९३१ साली तयार केला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हातात पडला. त्यात मार्ग फक्त आडवे, उभे आणि ४५ अंशांत तिरपे आहेत. स्थानकांमधली खरी अंतरे आणि वरचे रस्ते बेकने काढून टाकले. थेम्स नदी मात्र ठेवली. भुयारातून जाणाऱ्या गाडीला नदीशी काहीही कर्तव्य नसते, पण आपण शहराच्या कोणत्या बाजूला आहोत हे प्रवाशाला नदीमुळे कळते. आपल्या चित्रातही अशी एक-दोन ठिकाणे शोधावी लागतात. ती नसतील तर चित्र देखणे होते, पण ते कोणत्याही सॉफ्टवेअरचे असू शकते.

एक चित्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वर दिलेले भूमिका बदलण्याचे वाक्यच पुढे नेऊ. समजा खऱ्या स्क्रीनवर डावीकडे आठ विभागांची पट्टी आहे, वर शोधाची चौकट, घंटा आणि वापरकर्त्याचे छायाचित्र आहे, आणि मध्यभागी सहा सदस्यांचा तक्ता आहे. त्यात नाव, ईमेल, भूमिका आणि शेवटची भेट असे चार स्तंभ आहेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन टिंबे आहेत.

प्रथम स्वच्छ स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो खालच्या थरात ठेवून त्यावर गिरवावे. यासाठी फिग्मा किंवा मोफत मिळणारे इंकस्केप यांसारखे व्हेक्टर साधन, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी चित्र काढणारे साधन, पुरते. आठवणीतून चित्र काढू नये. प्रमाण चुकते, आणि मेनू टिंबांच्या डावीकडे उघडतो की उजवीकडे यासारखी बारीक गोष्ट हमखास उलटी होते. चित्र अंतिम रुंदीतच काढावे, म्हणजे ७२० पिक्सेलच्या रकान्यासाठी ७२० पिक्सेलच रुंदी घ्यावी, आणि ठेवायची अक्षरे १४ पिक्सेलची ठेवावीत. स्क्रीनशॉट लहान केला की सगळेच सारख्या प्रमाणात लहान होते. सुटसुटीत चित्रात मात्र गोष्टींची संख्या कमी करून उरलेल्यांना पुरेशी जागा देता येते, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

डावीकडच्या आठ विभागांच्या पाच पट्ट्या कराव्यात आणि त्यांतल्या ‘सदस्य’ या निवडलेल्या विभागाचे नाव अक्षरांत ठेवावे. तक्त्याच्या सहा ओळींऐवजी तीन पुरतात. कृती मधल्या ओळीवर दाखवावी, म्हणजे वर आणि खाली एकेक ओळ राहून ‘ही यादी आहे’ हे आपोआप कळते. स्तंभांपैकी ‘भूमिका’ एवढेच शीर्षक लिहावे आणि बाकीची शीर्षके पट्ट्यांनी दाखवावीत. १४ पिक्सेलच्या अक्षरासाठी ६ ते ८ पिक्सेल उंचीची, टोकांना गोलाई दिलेली पट्टी शोभते. पूर्ण अक्षराच्या उंचीची पट्टी काढली तर ती मजकुरासारखी दिसत नाही, विटांच्या भिंतीसारखी दिसते. पट्ट्यांच्या लांब्या असमान ठेवाव्यात, कारण खरी नावे एकसारख्या लांबीची नसतात. पण एका स्तंभातल्या पट्ट्यांची डावी कडा मात्र एका रेषेतच असावी. छायाचित्राच्या जागी साधे वर्तुळ पुरते.

आता मेनू. त्यात ‘माहिती पाहा’, ‘भूमिका बदला’, ‘संदेश पाठवा’ आणि ‘सदस्य काढून टाका’ असे चार पर्याय आहेत असे धरू. ‘भूमिका बदला’ अक्षरांत ठेवायचा हे उघड आहे आणि बाकीच्या तिघांच्या पट्ट्या करायच्या हेही उघड वाटते. मी एकदा नेमके तसेच केले होते. ज्या वापरकर्त्याला कमी अधिकार होते त्याच्या मेनूत चारऐवजी दोनच पर्याय दिसत होते; चित्रातले लक्ष्य वरून दुसरे आहे एवढे लक्षात ठेवून त्याने दुसरा पर्याय दाबला, आणि तो ‘काढून टाका’ निघाला. चूक त्याची नव्हती. शेजारचा मजकूर झाकला की वाचक वाचणे सोडून जागेवरून ओळखू लागतो, आणि जागा बदलती असेल तर चित्र त्याला फसवते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: लक्ष्याच्या शेजारी परत न फिरवता येणारी कृती असेल, किंवा वापरकर्त्यागणिक क्रम बदलणारी यादी असेल, तर त्या यादीतली सगळी नावे अक्षरांत ठेवायची. या चित्रात त्यामुळे चारही पर्याय वाचता येतील असे राहतात आणि ‘भूमिका बदला’ फक्त गडद पार्श्वभूमीने वेगळा केला जातो.

शेवटी माउसचा बाण ठेवावा किंवा पर्यायाभोवती एक रेघ काढावी, पण दोन्ही करू नये. इतके वगळल्यावरही लक्ष वेधण्यासाठी दोन खुणा लागत असतील, तर अजून काहीतरी वगळायचे राहिले आहे असे समजावे.

स्नॅगिट या स्क्रीनशॉटच्या साधनात मजकुराच्या जागी आपोआप आकार ठेवण्याची सोय आहे. दहा-वीस चित्रे झटपट करायची असतील तर ती उपयोगी पडते. तिचा निकाल मात्र अंतिम मानू नये, कारण कोणता शेजारी धोकादायक आहे हे अशा साधनाला कळत नाही. त्याला फक्त मजकूर कुठे आहे एवढे दिसते.

राखाडी रंग आणि त्यातून होणारे गैरसमज

रंगांची संख्या कमी ठेवावी. एक पार्श्वभूमी, दोन राखाडी छटा आणि एक ठळक रंग एवढे पुरते, आणि तो ठळक रंग चित्रात एकाच ठिकाणी, लक्ष्यावर असावा. सॉफ्टवेअरचा स्वतःचा रंग निळा असेल म्हणून वरची पट्टीही निळी आणि बटणही निळे केले, तर दोन्ही गोष्टी सारख्याच जोराने बोलू लागतात; अशा वेळी पट्टीला राखाडी करावे, मग ती प्रत्यक्षात निळी का असेना.

राखाडी पट्ट्यांना आज दोन वेगळे अर्थ चिकटलेले आहेत आणि दोन्ही आपल्याला अडचणीचे आहेत. पहिला अर्थ बंद असलेल्या बटणाचा: फिकट राखाडी बटण म्हणजे ‘सध्या दाबता येत नाही’ हे वापरकर्ते वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकले आहेत. दुसरा अर्थ पान अजून उघडत असल्याचा. मजकूर येईपर्यंत त्याच्या जागी राखाडी सांगाडा दाखवण्याच्या पद्धतीला ल्यूक रॉब्लेव्स्की यांनी २०१३ मध्ये ‘स्केलेटन स्क्रीन’ असे नाव दिले, आणि आता ती बहुतेक मोठ्या ॲपमध्ये दिसते. त्यामुळे मदत-पानावरचे आपले चित्र पाहून वाचक ते ‘लोड’ होण्याची वाट पाहत बसला, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. यावर उपाय सोपे आहेत: चित्रात किमान एक शीर्षक आणि काही ओळखीची चिन्हे स्पष्ट ठेवावीत, बटणाचा मजकूर झाकताना बटणाची कडा कायम ठेवावी, आणि चित्र हलते असेल तर पट्ट्यांवरून सरकणारी चमक अजिबात वापरू नये.

फिकटपणालाही मर्यादा आहे. वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ : १ असावा लागतो, आणि २०१८ च्या २.१ या आवृत्तीने चित्रातल्या अर्थपूर्ण आकारांसाठी किमान ३ : १ ही अट घातली. पार्श्वभूमीच्या पट्ट्या समजण्यासाठी आवश्यक नसल्याने त्यांना ही अट लागू होत नाही, त्या फिकट असणेच योग्य. पहिल्या आणि दुसऱ्या थरातल्या गोष्टींना मात्र ती लावून पाहावी. लक्ष्य केवळ रंगाने वेगळे दाखवले असेल तर रंगांधळ्या वाचकासाठी ते वेगळे राहत नाही. म्हणून कडेची जाडी किंवा बाण यांपैकी एक आधार द्यावाच.

अक्षरे, विशेषतः देवनागरी

चित्रात उरलेली लेबले थोडी असतात, म्हणूनच त्यांतली चूक लगेच दिसते. पहिला नियम असा की स्क्रीनवर जे छापले आहे तेच चित्रात लिहावे. सॉफ्टवेअर इंग्रजीत असेल आणि पुस्तिका मराठीत, तर चित्रातल्या बटणावर इंग्रजीच ठेवावे आणि त्याचा अर्थ खालच्या मजकुरात सांगावा. बटणावर मराठी लिहिले तर वाचक स्क्रीनवर नसलेला शब्द शोधत बसतो. याउलट सॉफ्टवेअर मराठीत उपलब्ध असेल तर त्याच्या भाषांतरातले नेमके रूप घ्यावे. ‘सेव्ह’, ‘जतन करा’ आणि ‘साठवा’ हे तिन्ही शब्द आपल्या दृष्टीने एकच असले तरी स्क्रीनवर त्यांतला एकच असतो.

इंग्रजीसाठी काढलेल्या साच्यात देवनागरी भरताना तीन गोष्टी बिघडतात. ‘एडिट’च्या जागी ‘संपादित करा’ आणि ‘शेअर’च्या जागी ‘सामायिक करा’ आले की बटणात मावत नाही, म्हणून चित्रातल्या बटणाची रुंदी सुरुवातीलाच दीडपट-दुप्पट वाढू शकेल अशी मांडणी करावी. ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांना शोभतील म्हणून साच्यात अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल, तर देवनागरीची शिरोरेखा तुटते आणि शब्द दातेरी दिसतो. हे अंतर शून्यावर आणावे. काही जुनी साधने जोडाक्षरे फोडतात किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतात, म्हणून ‘स्थिती’, ‘निश्चित’, ‘प्रक्रिया’ असे दोन-तीन शब्द आधी टाइप करून पाहावेत.

पुस्तिका अनेक भाषांत निघत असेल तर या पद्धतीने बरेच श्रम वाचतात. पूर्ण स्क्रीनशॉट प्रत्येक भाषेसाठी पुन्हा घ्यावा लागतो. सुटसुटीत चित्रात बदलायची असतात ती तीन-चार लेबले. एकही लेबल नसलेले चित्र काढले तर ते सर्व भाषांना चालेल, हा विचार आकर्षक वाटतो, पण त्यासाठी लक्ष्य चिन्हावरूनच ओळखू यायला हवे; बटणावर नुसता शब्द असेल तर हा मार्ग सोडून द्यावा. उर्दू, अरबी किंवा हिब्रू आवृत्तीसाठी मांडणी आरशातल्यासारखी उलटते, तेव्हा ती चित्रे वेगळीच काढावी लागतात.

झाकणे म्हणजे पुसणे नव्हे

स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या माणसांची नावे, ईमेल आणि रकमा राहून जातात. त्या धूसर करून भागवण्याची सवय अजून मोडलेली नाही, पण धूसर किंवा चौकटीचौकटींच्या केलेल्या मजकुराचा अंदाज बांधण्याच्या युक्त्या उपलब्ध आहेत, विशेषतः फाँट माहीत असेल तर. २०२३ मध्ये याहून गंभीर प्रकार उघड झाला: गूगल पिक्सेल फोनमधील मार्कअप साधनाने कापून साठवलेल्या पीएनजी फाइलच्या शेवटी मूळ फाइलचा काही भाग तसाच राहत होता आणि कापलेले चित्र अंशतः परत मिळवता येत होते. राखाडी पट्टी ही अपारदर्शक असते म्हणून ती अधिक सुरक्षित, पण तिच्याखाली मूळ स्क्रीनशॉटचा थर शिल्लक असेल तर सुरक्षितता शून्य. गिरवण्यासाठी ठेवलेला थर प्रकाशनाच्या फाइलमधून लपवू नये, तो काढूनच टाकावा. व्हेक्टर फाइलमध्ये लपवलेला थर कोणीही एका क्लिकमध्ये उघडू शकतो.

नमुन्यासाठी ईमेल लिहायचा असेल तर एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव वापरावे. १९९९ सालच्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे, त्यामुळे तुमच्या चित्रातला पत्ता उद्या कोणाचा खरा पत्ता निघण्याचा प्रश्न येत नाही.

जाहिरातीसाठी काढताना

मदत-पान वाचणाऱ्यासमोर खरी स्क्रीन उघडी असते आणि त्याला चित्र व स्क्रीन जुळवायची असते. जाहिरातीच्या पानावर आलेल्याने सॉफ्टवेअर पाहिलेलेच नसते. त्यामुळे मदत-पानात उत्तम ठरलेले चित्र उचलून जाहिरातीत टाकले की ते मुके होते: राखाडी पट्ट्यांचा तक्ता हिशेबाचा आहे, रुग्णांचा आहे की विद्यार्थ्यांचा, हे पाहणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. इथे झाकण्याचे प्रमाण कमी ठेवावे आणि उघडा ठेवलेला मजकूर विचारपूर्वक लिहावा. निरर्थक लॅटिन मजकूर भरू नये. ‘काम १’, ‘काम २’ असे लिहिण्यापेक्षा ‘छपाईपूर्वीची शेवटची तपासणी’ असे एकच वाक्य लिहिले तर सॉफ्टवेअर कोणासाठी आहे हे लगेच समजते.

प्रमाणांशीही इथे थोडी मोकळीक घेता येते. एखादे सूचनापत्र स्क्रीनबाहेर काढून मोठे दाखवता येते, दोन खिडक्या एकमेकींवर तिरप्या ठेवता येतात. पण खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेली गोष्ट चित्रात आणू नये. तयार होत असलेले वैशिष्ट्यही नाही. वरच्या पातळीच्या सशुल्क योजनेतच मिळणारे वैशिष्ट्य दाखवले असेल तर ते चित्राशेजारीच लिहावे. आलेखांबाबत मी विशेष आग्रही आहे: चित्रातला आलेख डावीकडून उजवीकडे चढत गेला आणि त्यावर मोठी टक्केवारी लिहिली, की ती सजावट राहत नाही, तो दावा होतो, आणि त्याला आधार विचारला जाऊ शकतो. आकडे न लिहिता चढ-उतार असलेली रेघ काढणे हे प्रामाणिकही आहे आणि पाहायलाही अधिक खरे वाटते.

सुटसुटीत चित्र पाहून नोंदणी केलेल्या माणसाला आत गेल्यावर दाट, भरगच्च स्क्रीन दिसली तर त्याला फसवले गेल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पानाच्या वरच्या भागात सुटसुटीत चित्र ठेवले तरी खाली कुठेतरी एक-दोन खरे स्क्रीनशॉट द्यावेत. ॲपल आपल्या ॲप स्टोअरच्या नियमांत स्पष्टच म्हणते की तिथल्या स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरात असलेले दिसले पाहिजे, नुसते शीर्षकचित्र किंवा लॉगिनचे पान चालत नाही. त्यामुळे तिथे सुटसुटीत चित्र खऱ्या स्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

जिथे ही पद्धत वापरू नये

त्रुटीसंदेश समजावताना संपूर्ण मजकूर जसाच्या तसा हवा, कारण वाचक तो अक्षरशः जुळवून पाहतो. एकसारख्या दिसणाऱ्या वीस स्विचांच्या यादीतला एक स्विच दाखवायचा असेल तर बाकीचे झाकल्यावर वाचकाला मोजत बसावे लागते. नियमपालनाचा पुरावा म्हणून जोडलेले चित्र, आज्ञा टाइप करण्याची खिडकी (टर्मिनल), आणि ज्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकाना भरायचाच आहे असा फॉर्म, या ठिकाणीही खरा स्क्रीनशॉटच घ्यावा. संगणकाशी नव्याने ओळख होत असलेल्या वाचकांसाठी लिहिताना मी पहिल्या दोन-तीन पानांत खरे स्क्रीनशॉट देतो आणि स्क्रीन ओळखीची झाल्यावर सुटसुटीत चित्रांकडे वळतो. अनोळखी खोलीचा नकाशा देण्याआधी ती खोली एकदा दाखवलेली बरी.

साठवण, पर्यायी मजकूर आणि देखभाल

प्रकाशनासाठी एसव्हीजी हा व्हेक्टर फाइलचा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण आकार कितीही वाढवला तरी कडा स्वच्छ राहतात आणि फाइल सहसा लहान असते. एकच अडचण: एसव्हीजी पानात चित्र म्हणून टाकली की तिला पानावरचा वेबफाँट, म्हणजे पानासोबत उतरवला जाणारा फाँट, मिळत नाही, आणि वाचकाच्या यंत्रावर जो देवनागरी फाँट असेल तो लागतो. अक्षरांचे आकारांत रूपांतर केले की हा प्रश्न सुटतो, पण मग लेबल बदलता येत नाही. म्हणून अक्षरे जिवंत असलेली मूळ फाइल वेगळी जपावी. एसव्हीजी शक्य नसेल तर दुप्पट रुंदीची पीएनजी द्यावी. जेपेग टाळावे, ते ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांवर काम करते आणि अक्षरांच्या धारदार कडांभोवती मळकट ठिपके सोडते.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन वापरणाऱ्यांसाठी पर्यायी मजकूर लिहावा लागतो. त्यात ‘राखाडी पट्ट्या आणि वर्तुळे असलेले चित्र’ असे लिहिणे म्हणजे त्यांचा वेळ घेणे होय. ‘सदस्यांच्या यादीत एका ओळीच्या शेवटचा तीन टिंबांचा मेनू उघडला आहे, त्यातला दुसरा पर्याय, भूमिका बदला, निवडलेला आहे’ असे लिहिले की चित्राचे काम मजकुरानेही होते. असे वाक्य सुचत नसेल, तर बहुधा चित्रच कशासाठी काढले हे ठरलेले नसते.

प्रकाशनापूर्वी एक चाचणी करावी. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही अशा व्यक्तीपुढे खरी स्क्रीन उघडून द्यावी, खालचा मजकूर झाकावा, चित्र पाच सेकंद दाखवावे आणि ‘कुठे क्लिक कराल?’ एवढेच विचारावे. बोट बरोबर जागी गेले की पुरे. ती व्यक्ती चित्राकडे परत पाहू लागली तर बहुतेक वेळा दुसऱ्या थरातली एखादी खूण कमी पडलेली असते.

सुटसुटीत चित्रे स्क्रीनशॉटपेक्षा जास्त काळ टिकतात, पण ती अमर नसतात, आणि त्यांचे जुनेपण चटकन दिसत नसल्याने ती अधिक काळ चुकीची राहू शकतात. यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी: चित्राचे नाव, ते ज्या वाक्यासाठी आहे ते वाक्य, त्यात अक्षरांत ठेवलेली लेबले, आणि शेवटची तपासणी कोणत्या आवृत्तीवर केली. नवी आवृत्ती आली की बदलांच्या यादीत ही लेबले शोधावीत. लेबल बदलले, लक्ष्याची जागा बदलली किंवा मेनूत नवा पर्याय आला, तर चित्र बदलावे. रंग, छायाचित्र किंवा बाजूच्या पट्टीतला सातवा विभाग बदलला, तर फक्त तपासणीची आवृत्ती पुढे सरकवून ती ओळ बंद करावी.